दाऊदभाई ट्रेसर

दाऊदभाई पेवेकरांना कोणतीही वस्तू नीट बघायची असली की ते आधी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचे. मग तिच्याभोवती फिरायचे. वस्तू कसलीही चालायची. ऑफिसात नवीन आलेला स्टेपलर, माझ्या मुलीची कंपासपेटी, बाजारात ढीग लावलेली टरबुजं. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे हातात वेळ ठेवून जावं लागे. "आधी बघून होऊ द्या," असं म्हणायचे, आणि त्यांचं बघून होईपर्यंत आपण पिशवी धरून उभं राहायचं.

मी नाशिकचा. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनीअर म्हणून बारा वर्षं होतो. दाऊदभाई बाणकोटच्या खाडीकाठचे. एका ठेकेदार कंपनीचा माणूस म्हणून ते आमच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करायचे आणि मी तिथे गेलो तेव्हाच त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती. गावच्या शाळेत असताना त्यांनी चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, मग मुंबईत ट्रेसरचा कोर्स केला आणि तिथून थेट सौदी. ट्रेसर म्हणजे इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक फिल्मवर शाईने पक्का उतरवणारा माणूस. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि ट्रेसरची जात संपली. दाऊदभाईंना जुन्या ड्रॉइंगांच्या कपाटांवर बसवलं. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, त्यांचा हुद्दा काय लिहिला होता मला माहीत नाही, पण फोन उचलला की ते अजून "दाऊद, ट्रेसर" असंच सांगायचे.

आमची ओळख एका खड्ड्यामुळे झाली. प्लांटच्या पूर्वेला जमीन खोदून एक जुना पाइप कापायचा होता. कॉम्प्युटरवरच्या नकाशात तिथे एकच पाइप होता. माझ्या हाताखालचा फोरमन म्हणाला, एकदा दाऊदभाईंना विचारून घ्या. मी थोडा नाखुशीनेच गेलो. त्यांनी मूळ फिल्म काढली, उजेडाच्या टेबलावर पसरली आणि हात मागे बांधून उभे राहिले. मी घड्याळ बघत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी एका मोकळ्या जागेवर नख ठेवलं आणि म्हणाले, "इथे खरवडलंय."

मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी फिल्म तिरकी धरली तेव्हा एक धूसर डाग दिसला. आधी काढलेली रेघ ब्लेडने खरवडून काढायची आणि जागा गुळगुळीत करायची, असं त्या काळी करत असत. दाऊदभाईंचं म्हणणं, ज्याने ही रेघ खरवडली त्याने ती दुसरीकडे काढायची होती आणि तो विसरला. ही फिल्म ज्याच्या हातची होती त्या केरळच्या ट्रेसरला त्यांनी अक्षरावरून ओळखलं. तो त्या महिन्यात गावी जायच्या गडबडीत होता, हेही त्यांना आठवत होतं. आम्ही यंत्र बाजूला ठेवून हातांनी खोदलं. तीन फुटांवर दुसरा पाइप निघाला, आणि त्यात गॅस होता.  दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो तर दाऊदभाई ती फिल्म दुरुस्त करत बसले होते. राहून गेलेली रेघ त्यांनी शाईने काढली होती, खाली तारीख घातली होती. आभारांवर ते एवढंच म्हणाले की, दिसलं ते सांगितलं.

मिसेस हार्लन या आमच्या विभागप्रमुखांच्या पत्नी. अमेरिकन. नवरा-बायको तीस वर्षं प्लांटच्या कॉलनीत राहत होते आणि आता निवृत्त होऊन परत जायचं त्यांच्या मनात होतं. बाईंच्या माहेरी पेनसिल्व्हेनियात पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम चाले. आजीच्या आणि आईच्या वाट्याच्या वस्तू त्यांच्याकडे आल्या होत्या. लाल मातीच्या ताटल्या, राखाडी बरण्या, सुरया, पावाचे साचे, ठिगळांची एक गोधडी. एकूण चोवीस. परत गेल्यावर या वस्तू चार भावंडांत वाटल्या जाणार होत्या. त्याआधी सगळ्यांची मिळून एक नोंद राहावी, अशी बाईंची फार इच्छा होती. फोटो काढून झाले होते, पण ते बाईंना पसंत नव्हते. झिलईवर खिडकीचा उजेड चमकायचा आणि खालची मातीच हरवायची.

त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना हे बोलणं निघालं. बाईंनी एक मोठं पुस्तक दाखवलं. अमेरिकेत फार पूर्वी मंदी आली तेव्हा तिथल्या सरकारने बेकार चित्रकारांना पगारावर घेतलं होतं आणि जुन्या घरगुती वस्तूंची हुबेहूब चित्रं काढायला लावली होती. पुस्तकात ती चित्रं होती. बाई म्हणाल्या, असा माणूस आता मला कुठे मिळणार? मी म्हणालो, आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक आहे.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी दाऊदभाईंना माझ्या नावावर गेटपास काढून कॉलनीत आणलं. बाईंनी त्यांच्यासमोर सगळ्यात मोठी बरणी ठेवली. राखाडी, गुडघ्याएवढी, दोन कान असलेली, आणि पोटावर निळ्या रंगात एक पक्षी रंगवलेला. दाऊदभाईंचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ही तर लोणच्याची बरणी." मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, हो, आजी यात कोबी खारवायची.

मग हात मागे गेले आणि दाऊदभाई फिरू लागले. दीड तास. एक रेघ काढली नाही. जाताना ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारी येतो. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की, यांना काम आवडलं नाही का? 

पुढच्या शुक्रवारी त्यांनी बरणी उत्तरेच्या खिडकीपाशी नेली, तिच्या बुडाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं की, ही आता इथून हलायची नाही. त्यानंतर बाईंना एकच प्रश्न विचारला. तुमची आजी डावखुरी होती का?

बाई बघतच राहिल्या. आजी डावखुरी होती. दाऊदभाईंनी दाखवलं की, पक्षी आपल्याकडे केला की बरणीचा उजवीकडचा तेवढा एकच कान आतल्या बाजूने झिजला होता आणि तोंडाच्या काठावरची झिलई त्याच्या उलट बाजूला घासून गेली होती. एका हाताने कान धरून बरणी तिरकी करायची आणि दुसऱ्याने आतलं काढायचं, असं कोणीतरी वर्षानुवर्षं केलं होतं, आणि काढणारा हात डावा होता. बाई जवळ आल्या, त्या झिजलेल्या कानात स्वतःची बोटं घालून उभ्या राहिल्या.  त्या दिवसापासून दाऊदभाई कधीही आले तरी त्या खोलीचं दार त्यांच्यासाठी उघडं असे.

मोबदला घ्यायला त्यांनी नकार दिला. कागद आणि रंग तेवढे बाईंनी अमेरिकेतून मागवले. दर शुक्रवारी जेवण करून ते यायचे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे आणि उजेड असेतो बसायचे. त्या बरणीची झिलई मिठाची होती. भट्टी तापली की आत मीठ फेकतात आणि मातीवर मोसंबीच्या सालीसारखे बारीक बारीक खळगे उठतात. दाऊदभाईंनी ते खळगे एकेक करून काढले. मी एकदा संध्याकाळी त्यांना न्यायला गेलो तेव्हा दुपारभरात तळहाताएवढी जागा झाली होती. मी वाकून बघितलं आणि नकळत बोट पुढे केलं. कागद खडबडीत आहे असं मला खरंच वाटलं होतं. त्यांनी माझं मनगट हवेतच धरलं आणि शांतपणे म्हणाले, "देवरे, ओलं आहे."

चित्र पुरं व्हायला सात शुक्रवार लागले. बाईंनी ते हातात घेतलं आणि बरणीच्या काठाजवळ पडलेला एक केस फुंकर मारून उडवायचा प्रयत्न केला. केस हलेना. तो केस नव्हता, बरणीला गेलेला तडा होता.

चित्राच्या खाली दाऊदभाईंनी इंजिनीअरिंगच्या नकाशाला असतो तसा चौकटीचा तक्ता काढला होता. वस्तूचं नाव, माप, उजेडाची वेळ, काढणाऱ्याची आद्याक्षरं. त्याखाली 'तपासणार' असा रकाना होता आणि तो रिकामा होता. बाईंनी सही करावी असं त्यांचं म्हणणं. बाई हसून पेन शोधू लागल्या, तर दाऊदभाई म्हणाले, आधी तपासा. मूळ वस्तू आणि चित्र शेजारी ठेवून बाईंना तासभर तपासायला लावलं. सत्तावीस वर्षांत मी न तपासलेल्या कागदावर कोणाला सही करू दिली नाही, असं मला परतताना गाडीत म्हणाले.

या तपासण्यात एकदा बाईंनी त्यांची चूक पकडली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. लाल मातीच्या एका ताटलीच्या काठावर बाईंच्या पूर्वजांच्या जुन्या जर्मन भाषेत काहीतरी कोरलेलं होतं. दाऊदभाईंना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण त्यांनी ते सगळं उतरवलं होतं. बाई म्हणाल्या, यात एक एन उलटा पडलाय. दाऊदभाई वाद घालत बसले नाहीत. त्यांनी ताटली उचलून बाईंच्या हातात दिली. ताटलीवरही एन उलटाच होता. बाईंच्या आजीने ती ताटली आयुष्यभर पुसली, आईने पुसली, बाईंनी स्वतः तीस वर्षं भिंतीवर टांगली. तो उलटा एन कोणाच्याच लक्षात आला नव्हता. त्या कुंभाराला बहुतेक लिहिता येत नसावं, असं दाऊदभाई म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की जणू तो कुंभार त्यांच्याच आळीतला असावा.

ते राहायचे त्या खोलीत गावचे आणखी दोघं होते. त्यातल्या एकाने त्यांना टोकलं की, तुम्ही पक्षी काढता, सजीवाचं चित्र काढणं आपल्या धर्मात बरं नाही. दाऊदभाईंनी त्याला सांगितलं, पक्षी त्या कुंभाराने काढला, मी बरणी काढतोय. माणसाचं चित्र मात्र त्यांनी कधी काढलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, माणूस एका जागी बसत नाही.

बाईंचं ते पुस्तक त्यांना फार आवडायचं. पण चित्रांपेक्षा चित्रांखालची बारीक अक्षरातली नावं ते जास्त वाचायचे. वाचायचे म्हणजे मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि माझ्यामागून एकेक नाव म्हणायचे. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, ती सरकारी योजना संपल्यावर ही माणसं कुठे गेली? बाई म्हणाल्या, बहुतेकांचं कोणालाच माहीत नाही. कोणी दुकानात लागले असतील, कोणी कारखान्यात. दाऊदभाईंनी मान हलवली आणि पुन्हा एकदा पहिल्या पानापासून सगळी नावं वाचून घेतली.

अशी दोन-तीन वर्षं गेली. चोवीसांपैकी तेवीस चित्रं झाली. शेवटचं एक मोठं लाल ताट राहिलं होतं, पिवळ्या मातीच्या नागमोडी रेघांचं. तेवढ्यात नितकात आलं.

मूळ अरबी शब्द निताकात, पण आम्ही सगळे नितकातच म्हणायचो. प्रत्येक कंपनीत ठरावीक सौदी माणसं असलीच पाहिजेत असा नियम झाला होता. असतील त्याप्रमाणे कंपनीला रंग मिळे. हिरव्या कंपनीची माणसं निर्धास्त. दाऊदभाईंची ठेकेदार कंपनी पिवळ्यात गेली, आणि जुन्या परदेशी माणसांचे इकामे वाढणार नाहीत असं कळवलं गेलं. त्यांच्या जागी फहद नावाचा सौदी नेमला गेला. वय बत्तीस-तेहतीस, दोन मुलींचा बाप, चार वर्षं नोकरी शोधत होता. आम्ही भारतीय लोक कँटीनमध्ये त्याच्याबद्दल वाकडं बोलायचो. दाऊदभाई ते ऐकून घ्यायचे नाहीत. एकदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला.

"त्यांच्या सरकारने त्यांच्या बेकार माणसांना कामाला लावलं, तर तुम्हाला का झोंबतं? बाईंच्या पुस्तकात तेच केलंय ना?"

फहदला त्यांनी कपाटन्‌कपाट शिकवलं. फिल्म कशी धरायची, खरवडलेली जागा कशी ओळखायची, कुठल्या ट्रेसरचा सातचा आकडा कसा असायचा. फहद त्यांना 'अम्म दाऊद' म्हणायचा, म्हणजे दाऊदकाका. तो हुशार होता. महिनाभरात त्याला सगळं येऊ लागलं.

मग एका रविवारी कंपनीच्या ऑफिसातून निरोप आला की, तुमचं तिकीट येत्या गुरुवारचं काढलं आहे. दाऊदभाई त्या दिवशी माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही. मला तीन आठवडे पाहिजेत. ताट अर्धं झालंय.

वरच्यांना विचारायच्या भीतीने आपण सगळेच बोलतो, तसंच मी त्यांच्याशी बोललो. ताटाचा फोटो काढून घ्या, गावी बसून पुरं करा. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. फोटोवरून काढायचं असतं तर त्यांची गरजच काय होती, हे मला कळायला हवं होतं. मी कंपनीच्या मॅनेजरला फोन केला. त्याने सभ्यपणे नाही म्हणून सांगितलं. मिसेस हार्लननी नवऱ्याकडून सांगून पाहिलं. तिकीट ठेकेदाराच्या हातात होतं, आमच्या साहेबांचा त्यात काही अधिकार नव्हता.

हे फहदला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. दाऊदभाईंनी नक्कीच सांगितलं नव्हतं. मंगळवारी सकाळी तो एकटाच कंपनीच्या ऑफिसात गेला आणि लेखी देऊन आला की, मला काम अजून येत नाही, अम्म दाऊदनी किमान तीन आठवडे शिकवल्याशिवाय मी कपाटांची जबाबदारी घेणार नाही. सौदी माणसाने असं लेखी दिल्यावर मॅनेजरचा इलाज चालेना. फहद कामावरून गेला असता तर कंपनी पिवळ्यातून आणखी खाली घसरली असती. तिकीट पुढे गेलं.

नव्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात आपल्याला काम येत नाही, असं स्वतःच्या सहीने लिहून देणं सोपं नव्हतं. मी फहदला तसं म्हणालो. त्याने खांदे उडवले. म्हणाला, खोटं नाहीये ते, त्यांना जे येतं ते मला कुठे येतं?

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. जूनचे दिवस होते. चारला ऑफिस सुटलं की फहद स्वतःच्या गाडीने दाऊदभाईंना कॉलनीच्या गेटवर सोडायचा, तिथून मी न्यायचो. साडेसहापर्यंत उजेड. जेमतेम दोन तास. दुसऱ्या आठवड्यात धुळीचं वादळ आलं आणि तीन दिवस आभाळ मातकट राहिलं. दाऊदभाई तिन्ही दिवस आले, ताटासमोर बसले, आणि ब्रशला हात न लावता परत गेले. या उजेडात लाल रंग खोटा दिसतो, म्हणाले.  मी एकदा न राहवून म्हणालो, थोडंसं अंदाजाने भरा. त्यांनी नुसती मान हलवली. चौथ्या दिवशी हवा स्वच्छ झाली आणि त्यांनी जिथे थांबले होते तिथून पुढे सुरुवात केली, त्याच गतीने. तिकिटाच्या आदल्या दिवशी सहा वाजता त्यांनी तक्त्यात तारीख घातली आणि बाईंना तपासायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी दमामच्या विमानतळावर मीच त्यांना सोडणार होतो. जाताना बाईंचा निरोप घ्यायला थांबलो. हार्लन कुटुंबाचं सामानही त्याच आठवड्यात बांधून गेलं होतं. घर पार रिकामं होतं. फडताळं, भिंती, सगळं मोकळं. चोवीस वस्तू लाकडी पेट्यांत बसून, कालचं ताट सगळ्यात शेवटी त्याच सकाळी, बंदराकडे रवाना झाल्या होत्या. चित्रं बाई स्वतःबरोबर विमानातून नेणार होत्या. त्यांनी ती सगळी दिवाणखान्याच्या फरशीवर ओळीने मांडून ठेवली होती.

दाऊदभाईंनी आजवर एकेक चित्र पुरं करून बाईंच्या हवाली केलं होतं. सगळी एकत्र त्यांनी कधीच पाहिली नव्हती. ते दारातच थबकले. चपला काढल्या. मला म्हणाले, "देवरे, एवढं होतं?"

 ते कागदांमधून पावलं जपत फिरले. मग गुडघ्यांवर बसले आणि एक चित्र दोन बोटांनी उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेले. परत आले, दुसरं नेलं. बाईंना वाटलं, ते निवड करताहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  बरणीचं चित्र त्यांनी ओट्याखालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं. सुरयांची तीन त्याच्या उजव्या हाताला. उलट्या एनची ताटली जेवणाच्या खोलीत, भिंतीत खिळा उरला होता त्याच्या बरोबर खाली. गोधडीचं आतल्या खोलीत, पलंगाच्या पायांचे चार ठसे गालिच्यावर होते त्यांच्या मधोमध. एकदा त्यांनी दोन साचे ठेवले, मागे सरून पाहिलं आणि त्यांची अदलाबदल केली.

तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं घर."

शेवटचं चित्र मोठ्या ताटाचं होतं. ते घेऊन दाऊदभाई स्वयंपाकघरात आले आणि इकडेतिकडे बघू लागले. ते ताट कायम फ्रिजवर असायचं, आणि फ्रिज गेला होता. फरशीवर त्याच्या जागेचा पांढुरका चौकोन तेवढा राहिला होता. दाऊदभाई खाली वाकले, त्या चौकोनात चित्र सपाट ठेवलं, एक कोपरा जरासा सरळ केला आणि उठले. मग दाराशी येऊन चपला पायात घातल्या आणि मला म्हणाले की, चला, विमानाची वेळ होईल.